बावीस तारखेचं प्लास्टर

१

मी सातवी नापास, तीही दोनदा. त्यामुळे या लिखाणात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या मास्तरांच्या खात्यावर टाकाव्यात. हाडांच्या बाबतीत मात्र माझी चूक काढून दाखवा. अडतीस वर्षं मी या सरकारी इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत आहे. डॉक्टर हाड बसवतात, सही करतात आणि हात धुऊन चहाला जातात. पुढचं सगळं माझं. कापूस गुंडाळायचा, पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की पिळायची आणि ओली असेतोवर पायाभोवती फिरवत जायची. सहा आठवड्यांनी तो माणूस परत येतो. मी कटर चालवतो, प्लास्टर शेंगेसारखं दोन बाजूंना उकलतं आणि आतून सुकलेला, साल निघालेला पाय बाहेर येतो. माणूस त्या पायाकडे असा बघतो, जसा काही तो शेजाऱ्याचा आहे.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. माझ्या जागी कुणी येईना, म्हणून रोजंदारीवर मीच माझ्या जागी आलो आहे. साहेब म्हणाले, "मामा, दोनच महिने." साहेबांचं कॅलेंडर वेगळं असतं.

दिवसाला तीस-पस्तीस माणसं येतात. झाडावरून पडलेला, जिन्यावरून घसरलेला असा एखाददुसरा. बाकी सगळे रस्त्यावरचे. पूर्वी मी विचारायचो, कसं झालं? आता विचारत नाही. आता फक्त विचारतो, "दोन चाकं की चार?" उत्तर ऐकायच्या आधी पट्टी भिजवलेली असते.

अशा खोलीत माणूस हसला नाही तर त्याला वेड लागेल, म्हणून मी हसवतो. कटर त्वचेला लागत नाही, नुसता थरथरतो, पण हे मी आधी सांगत नाही. आधी म्हणतो, "घाबरू नका, मागच्याचं एकच बोट गेलं." नव्या डॉक्टरला मी एकदा कटरमध्ये घालायला पेट्रोल आणायला पाठवलं होतं. तो गेलाही होता, बाटली घेऊन. प्रत्येक प्लास्टरवर मी जांभळ्या पेनाने दोन तारखा लिहितो, घातल्याची आणि कापायची, आणि खाली एक चावट ओळ. दूधवाल्याच्या पायावर लिहिलं, 'पाणी लागू देऊ नये, दुधातलंसुद्धा.' शाळेच्या बाईंच्या हातावर, 'गृहपाठ : हलू नये.' मग प्लास्टर सुकलं का ते बघायला बोटाने दोन टकटक मारायचे आणि विचारायचं, "कोण आहे घरात?" पेशंटने म्हणायचं, "मी आहे." लहान पोरं तर त्यासाठीच पुन्हा पुन्हा पाय पुढे करतात.

माझं स्वतःचं एक रजिस्टर आहे. त्यात नावं नाहीत, नावं वरच्या कचेरीत असतात. माझ्याकडे 'पिवळी स्कूटर', 'दूधवाला', 'नवरदेव, लग्न पुढच्या महिन्यात', असं. शेवटच्या रकान्यात 'कापलं'. आणि जो तारखेला आलाच नाही त्याच्यापुढे 'पळाला', आणि शेजारी काठीच्या हातापायांचा एक पळणारा माणूस. काय करणार, लोक घरीच बादलीत पाय भिजवून सोलून काढतात आणि भाड्याचे पैसे वाचवतात. मला राग नव्हता. तीन वर्षांच्या त्या रजिस्टरात असे एक्केचाळीस पळपुटे होते, आणि एकेकाचं चित्र मी मन लावून काढलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे हसायला येणार नाही.

२

बेचाळिसावी माझी नात.

तिला घरात सगळे वावटळ म्हणतात. एकोणीस वर्षांची आहे, कुरिअरच्या ऑफिसात जाते, जिना एकेक पायरीने कधी उतरत नाही आणि माझ्यावर गेली आहे. सुनेच्या डब्यात साखरेच्या जागी मीठ भरण्यापासून सगळं. दहा तारखेला सकाळी पेट्रोल पंपाजवळच्या चौकात वळणाऱ्या टेम्पोने तिच्या स्कूटरला मागून ढकललं. तो चौक रुंद केला तेव्हा हार घालून, भाषणं करून केला होता. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या दर चार माणसांतला एक तिथूनच येतो.

डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं राहिलं. डावी नडगी गेली. माझ्या टेबलावर ती आडवी होती, ओठ पांढरे पडले होते, आणि म्हणते, "आजोबा, नातलगांना काही सूट?"

मी म्हटलं, "नातलगांना दुप्पट वेळ. सहाच्या जागी बारा आठवडे."

"मग मी पळून जाईन."

"तू पळणारच. आत्ताच लिहून ठेवतो." आणि ती हसावी म्हणून तिच्यादेखत रजिस्टरात लिहिलं, 'वावटळ, डावा पाय, दहा ते पुढच्या महिन्याची बावीस,' आणि शेवटच्या रकान्यात 'पळाली'. चित्रही काढलं, दोन वेण्या घालून. ती हसली. हसता हसता कळ आली आणि तिने माझं मनगट इतकं दाबलं की नखं उमटली.

तिच्या प्लास्टरवर मी लिहिलं : 'आत वावटळ कोंडली आहे. बावीस तारखेपर्यंत दार उघडू नये.' खाली तिने माझ्या हातातलं पेन ओढून माझंच तोंड काढलं, जीभ बाहेर काढलेलं, एक मिशी लांब, एक आखूड.

टकटक. "कोण आहे घरात?"

"मी आहे, आजोबा. बावीस कधी आहे?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घरी पोचलो की तिचा पहिला प्रश्न तोच. "बावीस कधी आहे?" जसं काही मी वाटेत तारीख विकत घेऊन येणार होतो.

३

त्याच आठवड्यात मोजणीबाई आल्या. हे नाव मी ठेवलेलं. त्या साथीच्या रोगांच्या खात्यातल्या डॉक्टर आहेत, तरुण, पण डोळ्यांखाली म्हाताऱ्या. त्यांच्याकडे गावाचा एक नकाशा आहे, त्यावर टाचण्या. जखमी पिवळी, मेलेला काळी. पेट्रोल पंपाच्या चौकात टाचणीला टाचणी टेकलेली होती, नवीन खोचायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही साथीच्या डॉक्टर. इथे कसली साथ? इथे नुसते आंधळे ड्रायव्हर."

"सगळे हेच म्हणतात, मामा. ड्रायव्हर आंधळा, पोरगी घाईत, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तीन वर्षं त्याच चौकात, त्याच वळणावर, सकाळच्या त्याच दोन तासांत. सगळे आंधळे तिथेच कसे जमतात?" त्या खुर्चीत बसल्या, बसल्या म्हणजे पडल्याच. "डास चावून एवढी माणसं गेली असती तर घराघरात औषध फवारलं असतं. मी एक गतिरोधक मागते आहे. सतरा पत्रं झाली."

"अठरावं मी लिहू? माझं अक्षर बघून घाबरून बसवतील."

त्या हसल्या नाहीत. रजिस्टर चाळत होत्या. "हे पळाला म्हणजे काय?"

मी सांगितलं. त्यांनी एकेका पानाचा मोबाईलवर फोटो घेतला. काठीच्या माणसांवर त्यांचं बोट जरा थांबायचं. "यांचे पत्ते वर मिळतील. मी शोधते."

"शोधा. आणि सापडले तर सांगा, कटर अजून चालू आहे म्हणावं."

४

कापलेली शकलं मी मागच्या खोलीत टाकतो. आठ बाय दहाची खोली, एक जाळीची खिडकी, लोखंडी दार, कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. महिन्याला एक ट्रक येतो आणि सगळं नेतो. तोवर ढीग साचतो, हातांचे, पायांचे, एकमेकांत अडकलेले. प्लास्टरच्या पुडीचा पांढरा थर सगळ्यावर असतो. पावसाळी भिंतीसारखा वास येतो.

पंचवीस तारखेला दुपारी, बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर, मी टोपली रिकामी करायला दार उघडलं. ढिगाच्या पुढे, मोकळ्या फरशीवर, एक पाय उभा होता. मांडीपासून पावलापर्यंत पूर्ण प्लास्टर, तळव्यावर उभं. मी तो उचलला. हलका होता. आत बघितलं, रिकामा.

ठीक. ढिगात टाकायला वळलो आणि थांबलो. शिवण सापडेना. कापल्याची रेघ असते ना, दोन्ही बाजूंना, ती नव्हती. बोट फिरवलं, नख फिरवलं, उजेडात नेऊन बघितलं. अखंड.

तुम्ही म्हणाल, त्यात काय. मी सांगतो त्यात काय. मांडी जाड असते, घोटा बारीक आणि पाऊल घोट्याशी काटकोनात. प्लास्टर कापल्याशिवाय पाय बाहेर येत नाही. बाटलीत वाढवलेली काकडी जशी बाटली फोडल्याशिवाय निघत नाही तशी. पाय नसताना असं प्लास्टर घालताही येत नाही, मी घालू शकत नाही तर दुसरा कोण घालणार? आतला कापूस दबलेला होता. पोटरीचा खळगा, टाचेचा खळगा. हात घातला तर ऊब होती, नुकतं कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

वर जांभळ्या पेनाने माझं अक्षर : 'पाणी लागू देऊ नये, दुधातलंसुद्धा.'

मी मोठ्याने हसलो. शेराला सव्वाशेर भेटला म्हणायचा! एक्स-रेवाला लंबू. दुसरा कोण? दोन वर्षांपूर्वी मी सांगाड्याला पांढरा कोट घालून त्याच्या खुर्चीत बसवला होता आणि त्याने अंधारात त्याला "गुड मॉर्निंग सर" म्हटलं होतं. तो दात धरून होता.

"लंब्या," मी त्याच्या खिडकीत जाऊन म्हटलं, "मानलं तुला. कसं केलंस तेवढं सांग."

"काय केलं?"

"तो पाय रे."

"मामा," तो थकून म्हणाला, "सकाळपासून एकशे बारा फिल्मा काढल्यात. मला माझे पाय कुठे आहेत ते ठाऊक नाही. तुमचे तुम्ही बघा."

खोटं बोलताना लंबूचा उजवा कान लाल होतो. मी बघितला. नेहमीसारखाच कळकट होता.

५

दुसऱ्या दिवशी एक हात. त्यानंतर दोन पाय. मग रोज, कधी एक, कधी दोन. सगळे अखंड, सगळे रिकामे, सगळ्यांवर माझी अक्षरं आणि माझेच विनोद. 'नवरदेव, वरातीत नाच रद्द.' 'गृहपाठ : हलू नये.' एक इवलासा पाय होता, माझ्या कोपराएवढा. त्यावर मासा काढलेला आणि लिहिलेलं, 'शाळेला सुट्टी, पायाला नाही.' ते पोर मला आठवलं. त्याने "कोण आहे घरात" सात वेळा करायला लावलं होतं.

मी अक्कल चालवली, जेवढी आहे तेवढी. नवं कुलूप आणलं आणि किल्ली गळ्यात बांधली. फरशीवर दारापासून भिंतीपर्यंत प्लास्टरची कोरडी पूड चाळली, रांगोळीसारखी पातळ. मांजर चाललं असतं तरी दिसलं असतं. दुसऱ्या दुपारी कुलूप तसंच, पूड तशीच, आणि त्या पुडीच्या मधोमध आणखी दोन. भोवती एक ठसा नाही. जसे काही तिथेच उगवले.

मग आवाज. रात्रीचे नाहीत, रात्री मी घरी असतो आणि झोपतो, दमलेला माणूस भुतालाही उद्या ये म्हणतो. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला गर्दी ओसरते, सिस्टर गोळ्या मोजत बसतात, पंखा कुरकुरतो. तेव्हा भिंतीपलीकडून ठक. बराच वेळ काही नाही. मग ठक. प्लास्टरची टाच फरशीवर टेकल्याचा आवाज मला कुणी शिकवायला नको. पेशंट बाकावर बसून नंबराची वाट बघतो ना, अर्धा तास, एक तास, आणि कंटाळून पाय उचलतो, ठेवतो. तसा. मारायला उठलेल्याचा आवाज नव्हता तो. ताटकळलेल्याचा होता.

"सिस्टर, ऐकलं का?"

"मामा, एकशे सदतीस म्हणत होते मी! पुन्हा मोजायला लावलंत." चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सुट्टी घ्या. घरी पोर पडलीय, तिच्याजवळ बसा. काय म्हणते ती?"

काय म्हणणार? रोजचं तेच, बावीस कधी आहे. दोन दिवसांपासून वर एक नवीन. "आजोबा, पोटरीत आतून चावतंय." मी म्हटलं, "वावटळ आहे, भिंती चावणारच." तिची बोटं प्लास्टरबाहेर जरा फुगलेली होती. मी गुदगुल्या केल्या. अडतीस वर्षांचा अनुभव. गुदगुल्या केल्या!

दहा तारखेला मी खोलीतले मोजले. शाळेच्या हजेरीसारखे भिंतीला टेकवून रांगेत लावले. तेवीस. त्यानंतर एक दिवस नवीन काही आलं नाही, आणि मला वाटलं, सुटलो.

६

बारा तारखेला मोजणीबाई आल्या. त्यांनी नकाशा उघडला नाही, पाणी मागितलं.

"मामा, तुमचे एक्केचाळीस. अठरा जणांनी खरंच घरी काढलं. एकाने तर बागेच्या कात्रीने."

"आणि बाकीचे?"

"बावीस जण गेले. प्लास्टर अंगावर असतानाच." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "काहींचं डोकं आतून दुखावलेलं होतं, कळलं नाही. काहींच्या पोटात. आणि बरेचसे... पाय बांधून पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गुठळी होते. ती सुटते आणि छातीत जाऊन बसते. माणूस चहा पिता पिता जातो. घरचे म्हणतात, हृदय बंद पडलं. रस्त्याने मारलं असं कुणी लिहीत नाही."

"अठरा आणि बावीस चाळीस झाले, बाई. मी सातवी नापास असलो तरी."

"एक जण एकतिसाव्या दिवशी गेला. नियम असा आहे, की अपघातानंतर तीस दिवसांच्या आत गेला तरच तो रस्त्याचा मृत्यू. तो माझ्या आकड्यात बसत नाही."

त्यांच्या आकड्यात बसत नव्हता. माझ्या खोलीत बसला होता. माझे तेवीस होते.

मला त्या चित्रांची लाज वाटत होती, काठीच्या हातापायांची. तारखेला न आलेल्या माणसांना मी पळपुटे म्हटलं होतं. ते कुठे पळाले होते? त्यांना दिलेली तारीख त्यांनी पाळली होती. फक्त त्यांचा नंबर लागायचा राहिला होता.

आणि मग बाईंचं एक वाक्य उशिरा माझ्या डोक्यात उतरलं. पोटरीत.

भिंतीपलीकडे ठक झालं. बाईंनीही मान वळवली.

"तिकडे कुणी आहे का?"

"पेशंट," मी म्हटलं. जित्याची खोड.

मी एकटाच मागे गेलो. किल्ली कुलपाला सापडत नव्हती. दार उघडलं. भिंतीशी तेवीस जण रांगेत, आणि त्यांच्या पुढे, पुडीच्या मधोमध, चोविसावा. डावा पाय. जांभळं अक्षर दारातूनच वाचता येत होतं. 'आत वावटळ कोंडली आहे. बावीस तारखेपर्यंत दार उघडू नये.' खाली मी, जीभ बाहेर काढून, एक मिशी लांब, एक आखूड.

ते चित्र जगात एकाच ठिकाणी होतं. माझ्या घरी, माझ्या पलंगावर, उशीवर ठेवलेल्या पायावर.

मी विचारणार नव्हतो. हाताची सवय, दुसरं काय. बोटाने टकटक झालं आणि तोंडातून निघून गेलं, "कोण आहे घरात?"

आतून, गोधडीखालून यावा तसा आवाज आला.

"मी आहे, आजोबा."

७

कटर पिशवीत घातला आणि निघालो. या वयात पळालो. पेट्रोल पंपाचा चौक मध्ये येतो. तिथे मी उभा राहिलो, आणि एकही गाडी थांबेना. बस, टेम्पो, स्कूटर, टेम्पो. पलीकडच्या कडेला एक आजीबाई अशीच उभी होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, नदीच्या दोन काठांवरून बघावं तसे. शेवटी हात वर करून तसाच घुसलो. शिव्या मिळाल्या. मिळू देत.

घरी सून म्हणाली, "अहो मामंजी, काय झालं? झोपलीय ती आत्ताच."

"उठव तिला. नको, राहू दे. ते बटण कुठे आहे, कटर लावायचं?"

"बावीसला कापायचं ना?"

"आत्ता!"

ती जागी झाली. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. मी कटर चालवला. प्लास्टर उकललं. पोटरी दुप्पट झाली होती, लालसर, ताणून चकाकणारी, हात लावला तर चुलीसारखी.

"आजोबा," ती म्हणाली, "श्वास पुरत नाहीये."

त्यानंतरचं नीट आठवत नाही. शेजाऱ्याची गाडी. माझा मुलगा गिऱ्हाईक सोडून तसाच धावत आलेला. तो चौक पुन्हा. डॉक्टर धावले, तेच, मी ज्यांना पेट्रोल आणायला लावलं होतं ते. आत नेली, दार लागलं. बाहेरच्या बाकावर मी बसलो आणि मला कळलं की मी पाय उचलतोय, ठेवतोय, उचलतोय, ठेवतोय.

चार तासांनी डॉक्टर बाहेर आले. "मधे थोडं थांबलं होतं सगळं," ते म्हणाले, "मिनिटभर. मग परत आली. तुम्ही उद्यावर टाकलं असतं तर..."

सिस्टर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "वेळ आली होती, काळ आला नव्हता."

मी मान हलवली. मिनिटभर, हा शब्द मी तेव्हा ऐकलाच नाही.

८

पाच दिवसांनी ती घरी आली. रक्त पातळ करायच्या गोळ्या, नवी हलकी पट्टी, काठी. ठीक आहे. सगळे म्हणतात ठीक आहे. मोजणीबाईंनी नकाशावर तिची टाचणी दाखवली, पिवळी. म्हणाल्या, "ही एक तरी पिवळी राहिली, मामा." चौकातला गतिरोधक मंजूर झाला आहे. फक्त खडी आलेली नाही. पाठोपाठ चार नवे आले माझ्याकडे, त्याच वळणाचे.

मी मागच्या खोलीत जाऊ लागलो, रोज दुपारी. तेवीस जण बसले होते, त्यांना किती ताटकळत ठेवायचं? एकेकाला टेबलावर घेतलं. "उशीर झाला, दूधवाले. माफ करा." कटर, दोन रेघा, उकललं. आत काही नसायचं, दबलेला कापूस. पण शकलं टोपलीत टाकून वळलो की पुडीवर ठसे असायचे, टेबलापासून दारापर्यंत. अनवाणी. एक पाऊल भरलेलं, एक हलकं, नुकतं प्लास्टर निघालेल्या माणसाचं पडतं तसं. दाराबाहेर जाणारे. घरी जात असावेत. दुसरं कुठे जातो माणूस? मासा काढलेल्या इवल्या पायाचे ठसे उड्या मारत गेले होते. मी रजिस्टरात 'पळाला' खोडून तेवीस वेळा 'कापलं' लिहिलं.

चोविसावं तसंच आहे.

मी त्याला विसरायचं ठरवलं होतं. घरचं प्लास्टर तर मीच कापलं, या हातांनी, दोन शकलं सुनेने कचऱ्यात टाकलेली मी पाहिली. मग हे काय? रिकामं डबडं. ट्रक आला की देऊन टाकू. पण नात घरी आल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात येते आहे. ती बसते. तासन्‌तास. जिना उतरायचा तर काठी टेकत एकेक पायरी, बरोबर डॉक्टरांनी सांगितल्यासारखी. मी चहात मीठ घातलं, ती प्यायली. थँक्यू म्हणाली. सून म्हणते, "पोर शहाणी झाली बघा." घरात सगळ्यांना बरं वाटतंय.

आणि तिने एकदाही विचारलं नाही, बावीस कधी आहे.

काल संध्याकाळी तिच्या शेजारी बसलो. गंमत करावी म्हटलं. तिच्या गुडघ्यावर बोटाने टकटक केलं.

"कोण आहे घरात?"

तिने माझ्याकडे बघितलं. गोड हसली.

"कोणी नाही," म्हणाली.

माझीच नात आहे. आजोबांची टोपी आजोबांनाच घालणारी. मी खूप हसलो, सुनेने आतून विचारलं काय झालं, इतका हसलो. ती माझं हसणं संपेपर्यंत तशीच बघत राहिली.

आज दुपारी मागच्या खोलीत गेलो होतो. ठक, जरा वेळाने ठक. आता ते थांबत नाही. मी पुडीत मांडी घालून बसलो आणि हळूच विचारलं.

"मी आहे, आजोबा," ती म्हणाली. आवाज दमलेला होता, पण तिचाच होता, हसू आवरून बोलल्यासारखा. "बावीस कधी आहे?"

उद्या आहे.

ते कापलं की ठसे उमटतील, दारातून बाहेर पडतील, आणि कुठे जातील ते मला माहीत आहे. चौक ओलांडून, आमच्या गल्लीत, जिन्याने धडाधड. तिथे पलंगावर एक जण आधीच बसलेली आहे. आणि नाही कापलं तर ती इथे पाय उचलत, ठेवत, नंबराची वाट बघत बसेल.

रजिस्टर समोर उघडं आहे. दोन वेण्यांचं ते चित्र मी अजून खोडलेलं नाही. कटरला तेल घालून ठेवलं आहे. अडतीस वर्षांत मी दिलेल्या तारखेला आलेल्या माणसाचं प्लास्टर एक दिवसही उशिरा कापलेलं नाही.